बैलजोडीच्या पैशातली गाडी

मामाजी, परवा तुमची तेरवी झाली. पंगतीत तुमच्याविषयी जे काही बोललं गेलं, त्यातलं निम्मं आपल्या मोटरसायकलीबद्दल होतं. कोणी म्हणालं, आबानं मलकापूरच्या शोरूममध्ये पोराचा हात धरून त्याला रडवलं. कोणी म्हणालं, मालकानं घाबरून गाडी अर्ध्या किमतीत देऊन टाकली. तुमच्या चुलत भावानं तर तुम्ही गाडीचे दात पाहायला हेडलाइट उघडायला लावला असं शपथेवर सांगितलं, आणि माणसं बुंदी खाता खाता हसली. मी वाढत होते. सून असल्यामुळे मधे तोंड घालता आलं नाही, पण डोकं तापलं होतं. त्या दिवशी तिथं तुम्ही आणि मी दोघंच होतो, आणि मला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. खोटं वाटलं तर टोका, नेहमी टोकायचातच.

मी या घरात आले तेव्हा सासूबाई आधीच गेलेल्या. तुमचा लेक ट्रकवर, आज नागपूर तर उद्या भुसावळ. घरात सासरा आणि सून, पुढं आमची पिंकी झाली. तुम्ही दारात शिरायच्या आधी मोठ्यानं खाकरायचात, म्हणजे मी पदर सावरून घ्यावा. ताट मी उंबऱ्याजवळ ठेवायची, तुम्ही ओट्यावर बसून जेवायचात. मीठ कमी असलं तर मला न सांगता पिंकीला सांगायचात, आणि ती मला सांगायची. एवढं अंतर ठेवूनही तुम्हाला माझ्याबद्दल सगळं कसं माहीत असायचं, हे मला कधी कळलं नाही.

गाडीचं निघालं ते मेथीवरून. आपल्या शेतातला माल, वांगी, मिरच्या, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, डोणगावच्या बाजारात जायचा तो मालाच्या ऑटोतून. ऑटोवाला जानेफळात सगळ्यांचा माल भरत भरत यायचा आणि आपलं शेत त्याला शेवटचं. त्या दिवशी तो आलाच नाही. ऊन चढलं, मेथीनं माना टाकल्या. पहाटेपासून मी आणि दोन बाया ओणव्या होऊन ती उपटत होतो. तुम्ही जुड्या सोडून बैलांपुढं टाकल्यात आणि बांधावर येऊन बसलात.

"बैल विकून टाकू," तुम्ही म्हणालात.

नांगरटी ट्रॅक्टरनं होऊ लागल्यापासून बैल नुसते गोठ्यात उभे होते हे खरं, पण तुम्ही त्यांना विकाल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी विचारलं, "बैल विकून माल बाजारात कसा जाईन?"

"फटफटी घेऊ. बैलाच्या पैशात बसन तेवढी. वरून एक रुपया लावायचा नाई, आन् हप्ता तं बिलकुल नाई."

"पन चालवन कोन? हे तं घरी नसतात."

"तू चालवशीन. माहेरी भावाची चालवत होती ना?"

मी ते कधी तुम्हाला सांगितलं नव्हतं. पिंकीला झोपवताना माहेरच्या गोष्टी सांगायचे, तेव्हा तुम्ही ओट्यावर पडून ऐकत असणार. मलकापूरजवळच्या आमच्या मळ्यात मी भावाची गाडी चोरून चालवायचे, एकदा तर कांद्याच्या वाफ्यात घातली होती. लग्नानंतर ते सगळं मी माहेरच्या पेटीत ठेवून आले होते. तुम्ही बांधावर बसून, माझ्याकडे न बघता, ते परत काढून हातात दिलंत. मी मिरचीच्या सरीत जाऊन रडले. मिरची तोडताना डोळ्याला हात लागला असं बायांना सांगितलं.

बैल तुम्ही ओळखीच्या घरी दिले, खाटकाच्या हाती पडायला नको म्हणून भाव थोडा कमी घेतला. आणि मग आपण मेहकरला शोरूम बघायला निघालो. एसटीत तुम्ही पुढच्या सीटवर, मी मागच्या. वळून वळून मला शिकवत होतात, निम्मी एसटी ऐकत होती.

"हे पाह्य, जे जनावर पसंत पडन त्याच्याकडं पाह्यचंच नाई. दुसऱ्याकडं पाहत राह्यचं. व्यापारी आपल्या डोयाकडं पाहून भाव सांगते."

आपल्याला हवी होती ती साधी शंभर सीसीची गाडी. किकही असलेली, कारण बॅटरीवर तुमचा भरवसा नव्हता, आणि मागं जाळी बसवता येईल अशी. ती कोपऱ्यात उभी होती, मी आत शिरताच पाहिली. तुम्हीही पाहिली. आणि दोघांनीही लगेच तिच्याकडे पाठ फिरवून मधोमध ठेवलेल्या, जाडजूड टाकीच्या, सगळ्यात महागड्या गाडीवर नजर रोखली. बैलबाजारात ही युक्ती चालत असेल. इथं काय झालं, तर सेल्समनला वाटलं गिऱ्हाईकाचा जीव हिच्यावर जडलाय. तो लागला मागं. हिला दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, हिचं पिकअप असं, हिला पुढं स्क्रीन. कोल्ड्रिंक मागवलं. तुम्हाला धोतरासकट तिच्यावर बसवायला निघाला. आपण दोघं मान हलवत त्या गाडीकडे बघत राहिलो, कारण नजर काढली तर कोपऱ्यातलीवर जायची.

अर्ध्या तासानं तुम्ही जांभई दिलीत आणि खांद्यावरून अंगठा मागं दाखवून विचारलंत, "आन् ते कोपऱ्यातलं मरतुकडं कितीले?"

"ते कशाला काका? ते तर दूधवाले घेतात. तुम्ही हीच घ्या, हप्ता मी बसवून देतो. चालवणार कोण आहे? मुलगा?"

"हे चालवन," तुम्ही माझ्याकडे बोट केलंत.

त्या पोरानं माझ्या मागं कोणी उभं आहे का ते पाहिलं. मागं भिंत होती. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "मॅडमसाठी का? मग आधी सांगायचं ना काका! मॅडमसाठी स्कूटी आहे, गुलाबी कलरमध्ये आजच आली."

तुम्ही त्या स्कूटीजवळ गेलात, तिचं चाक पायानं ठोकून पाहिलंत. "एवढुसे चाकं. पांदनीच्या चिखलात हे पोटापर्यंत फसन. आन् बाई चालवते म्हनून गाडी लहान काऊन पायजे? बाई माल कमी नेते का?"

मामाजी, मला नवऱ्यानं साड्या आणल्या, माहेरहून सोनं आलं, पण इतक्या लोकांसमोर माझ्यासाठी असं कोणी बोललं नव्हतं. तुम्हाला मात्र आपण फार मोठं काही बोललो असं वाटलेलं दिसलं नाही. तुमचं लक्ष पुढच्या डावाकडे होतं. तो डाव म्हणजे पाठ फिरवून चालू लागायचं. बाजारात गिऱ्हाईक दहा पावलं गेलं की व्यापारी हाक मारतोच. आपण बाहेर पडलो, रस्ता ओलांडला, समोरच्या टपरीवर चहा घेतला. तुम्ही शोरूमकडे पाठ करून बसलात आणि मला बघायला सांगितलंत.

"आला का?"

"नाई मामाजी."

"येईन. चहा सरेपर्यंत येते."

चहा सरला. दुसरा घेतला. तो पोरगा आत दुसऱ्या गिऱ्हाईकाला तीच जाडी गाडी दाखवत होता. तुम्ही इतके हिरमुसलात की मला हसूही आवरेना आणि वाईटही वाटू लागलं, दोन्ही एकदम होत होतं.

पण त्यानं निघताना तुमचा मोबाइल नंबर घेऊन ठेवला होता. दुसऱ्या दिवसापासून तो जो मागं लागला, सकाळी फोन, दुपारी फोन. दुसरा कोणी असता तर बंद करून ठेवला असता. तुम्ही प्रत्येक वेळी उचलायचात, त्याची आणि त्याच्या आईबापाची ख्यालीखुशाली विचारायचात. एकदा तो म्हणाला, काका, ऑफरचा आज शेवटचा दिवस. तुम्ही म्हणालात, "काल बी शेवटचाच होता ना बाबू? तुह्या घरी कॅलेंडर हाय का नाई?" पुढं पुढं त्याचा फोन नाही आला तर तुम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पण ऑफर ऐकून ऐकून एक गोष्ट लक्षात आली की तो गाडीची किंमत उतरवायचा आणि वरच्या सामानात ती चढवायचा. बैलाच्या पैशात ते बसत नव्हतं. मी म्हटलं, थोडे माझ्याजवळचे घालते. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत, मी पुन्हा ते काढलं नाही.

मग माझा भाऊ म्हणाला, मलकापूरला एक जुन्या शेटचं शोरूम आहे, तिथं बघा. तिथला सेल्समन टायवाला होता आणि मेहकरच्या पोराच्या वरताण. आपण या वेळी सरळ पाहिजे त्याच गाडीकडे गेलो, कारण तुमचा नजरेचा डाव फसल्यावर मी तुम्हाला बसमध्ये तसं बजावलं होतं. त्यानं किंमत सांगितली ती बसणारी होती. पण मग एकेक जोडू लागला. सीटकव्हर, लेगगार्ड, रंगाची चमक टिकवायचं कसलंसं औषध, ज्यादा वॉरंटी, आणि गोडाऊनपासून शोरूमपर्यंत गाडी हाताळण्याचा म्हणून कसलातरी खर्च. हे सगळं घ्यावंच लागतं काका, सगळेच घेतात.

"बैल घेतला तं घुंगरं आमी घरी बांधतो," तुम्ही म्हणालात. "नुसता बैल दे."

तो हसला आणि बोलतच राहिला. त्याला थांबवायचं कसं ते आपल्याला कळेना. आणि मग तुम्ही ते केलंत.

खांद्यावरचा दुपट्टा काढलात, त्याच्या उजव्या हातावर टाकलात आणि त्याखाली आपला हात घालून त्याची बोटं धरलीत.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली बोटं धरून सांगतात, हे मला ठाऊक होतं. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलं होतं. त्या टायवाल्याला काय ठाऊक? तो आधी गप्प झाला, मग घाबरला. "काका, चक्कर येतेय का? बसा, बसा. पाणी आणा रे." तुम्ही त्याची दोन बोटं दाबताय, तो तुमची नाडी बघतोय. आसपासचे चारपाच जण जमले. मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. मी हळूच म्हटलंही, "मामाजी, सोडा ना त्याले." तुम्ही सोडेनात. त्याला रडवलं वगैरे काही नाही, हे मी इथं लिहून ठेवते. रडायला मीच आले होते.

तेवढ्यात काचेच्या केबिनमधून शेट बाहेर आले. पिकलेल्या मिशांचा माणूस, तुमच्याच वयाचा. त्यांनी दुपट्टा पाहिला, तुमच्याकडे पाहिलं, आणि चेहरा असा बदलला की जणू गावाकडचं कोणी भेटलंय. त्यांच्या वडिलांची कापसाची आडत होती, हे त्यांनी नंतर सांगितलं, आणि कापसाचाही सौदा तेव्हा असाच व्हायचा. त्या क्षणी मात्र त्यांनी पोराला बाजूला केलं, स्टूल ओढून तुमच्यासमोर बसले आणि दुपट्ट्याखाली हात घातला.

मग जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघताय आणि तोंडावर काहीच नाही. कापड मधूनच हलायचं. शेट मान नाही म्हणून हलवायचे, तुम्ही डोळे मिटायचात. तुमच्या कपाळावर घाम आला आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी शेटनी हात काढून घेतला आणि टायवाल्याला म्हणाले, "यांच्या बिलातून ते बाकीचं सगळं काढून टाक. फक्त गाडी, टॅक्स आणि विमा. हेल्मेट आपल्याकडून दे."

अर्ध्या किमतीत नाही, मामाजी. जेवढी व्हायला पाहिजे तेवढ्यात. बैलजोडीच्या पैशात बसली आणि आपल्या दोघांच्या भज्यापुरते उरले.

त्या वेळी शेटपुढं मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "हेल्मेट दोन द्या. मागं बी मानूस बसन."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "मागं कोन बसते?"

"तुमी."

तुम्ही दुपट्टा झटकून खांद्यावर टाकलात. दुसरं हेल्मेट मिळालं. घरी आल्यावर तुम्ही ते उलटं टांगून त्यात लसणाचे गड्डे ठेवायला लागलात.

दुपट्ट्याखाली नेमकं काय झालं, तुम्ही कुठून सुरुवात केली, शेट काय मागत होते, हे मी तुम्हाला कितीदा विचारलं. ते सांगत नसतात, एवढंच उत्तर. बिलावर शेवटचा आकडा आहे, पण मला आकडा नको होता, मला ती गंमत हवी होती. कधीतरी म्हातारपणी सांगाल असं वाटायचं. तुम्ही म्हातारेच होता, हे माझ्या लक्षातच यायचं नाही.

नंबर पडल्यावर गाडी आणायला पुन्हा मलकापूरला गेलो. माझा भाऊ बुलढाण्यापर्यंत त्याच्या गाडीवर माझ्यासोबत आला. तुम्ही मात्र एसटीनं निघालात. किती म्हटलं, बसा मागं. "लोक काय म्हनतीन, सुनेच्या मागं सासरा," तुम्ही म्हणालात आणि एसटीत चढलात. राजूरच्या घाटात मी त्याच एसटीच्या मागं होते. तुम्ही शेवटच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेला नाक लावून, सबंध घाटभर माझ्याकडे बघत होतात. वळणावर हातानं हळू, हळू करत होतात. मला घाटाची भीती वाटत नव्हती, तुम्ही तिथं आपटून पडाल याची वाटत होती.

त्यानंतर आपलं खरं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं. मालाची काळजी मिटली. भल्या सकाळी माल बाजारात पोचू लागला, मेथीला मेथीचा भाव मिळू लागला. गावातल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग एकेक जण दवाखान्यात सोड, बँकेत सोड म्हणू लागली. सगळं गाव माझ्या मागं बसलं, एक तुम्ही सोडून. शेतावर तुम्ही पायी जायचात, मी तुमच्या बाजूनं धूळ न उडवता जायची. मला कसंतरीच व्हायचं.

बरं, लोकांची लाज तुम्हाला होती म्हणावं, तर पोळ्याच्या दिवशी काय केलंत? गोठ्यात बैल नाहीत म्हणून मला वाटलं यंदा घरीच बसाल. तुम्ही सकाळी गाडी धुतलीत, हँडलला बेगड बांधलीत, टाकीवर बैलाची जुनी झूल घातलीत आणि हातानं ढकलत तोरणाखाली नेऊन बैलांच्या रांगेत उभी केलीत. शेजारचा गोऱ्हा तिचं सीट चाटत होता. सगळा पोळा हसत होता. तुम्ही गंभीरपणे उभे, हातात कासरा नाही म्हणून आरसा धरून.

त्या दिवशी पुरणाचं ताट देताना मी पिंकीमार्फत न बोलता सरळच बोलले. "इतले लोक हासले तं तुमाले काई वाटलं नाई. मंग मागं बसाची काऊन लाज वाटते?"

"ते येगळं हाय."

"काय येगळं हाय?"

"तुले नाई समजत. तिथं मले हासले. इथं तुले हासतीन."

भांडणात तुम्ही पुढं गेलात ते त्या एका वाक्यावर, आणि मी ताट ठेवून आत आले. पण मला ते पटलं नव्हतं, मामाजी. माझ्या नावाला जपत जपत तुम्ही स्वतःचे गुडघे झिजवत होतात, आणि ते मी रोज बघायचं. ही कुठली रीत?

गुडघ्यांनीच शेवटी थोडी तडजोड केली. एका हिवाळ्यात चालणं होईना, तेव्हा तुम्ही शेतातून निघताना गाडीजवळ आलात, गाडीकडे बघितलंत, वांग्यांच्या पोत्याकडे बघितलंत. "हे कट्टा मधात ठेव," म्हणालात. मी पोतं सीटच्या मधोमध उभं बांधलं. पुढं मी, मधे वांगी, मागं जाळीवर अवघडून तुम्ही, दोन्ही हातांनी पोत्याला मिठी मारून. मला हसू आवरेना, गाडी डुगडुगायला लागली. "सरळ चालव," पोत्यामागून आवाज आला. मिरचीच्या दिवसांत मधे मिरचीचं पोतं असायचं आणि तुम्ही घरापर्यंत शिंकत यायचात.

घरापर्यंत तरी कुठं? गावाआधीच्या नाल्याच्या पुलावर गाडी थांबवायला लावायचात. उतरायचात, धोतर झटकायचात आणि शेतातून पायी आल्यासारखे गावात शिरायचात. पारावर बसलेल्या एकूण एक माणसाला हे ठाऊक होतं. तुम्ही घामही नसलेलं कपाळ पुसत त्यांच्यापुढून जायचात. कोणी एका शब्दानं तुम्हाला छेडलं नाही, एवढं मात्र गावाचं मानलं पाहिजे.

मला तुमची फार आठवण येते. हे असं सरळ मी तुम्हाला कधी म्हणू शकले नसते, म्हणून आता म्हणतेय. बापाच्या घरी मी जे चोरून केलं ते तुमच्या घरी उजळ माथ्यानं केलं, आणि त्याबद्दल तुम्ही कधी उपकाराचा शब्द काढला नाहीत. उलट भाजीत मीठ कमी आहे असंच म्हणत राहिलात. माझ्या मनात तुमच्याबद्दल राग होता तो एकच. तुम्ही सगळ्यांशी माझ्यासाठी लढलात, दुकानदारांशी, भावकीशी, पण तुम्हाला स्वतःला माझ्या मागं बसायला मात्र पोतं लागायचं. माझ्या मनात यायचं, यांनाच आतून पटलेलं नाही की काय. बाई गाडी चालवते हे यांना चालतं, पण ते चारचौघांत मानायचं म्हटलं की पुलावर उतरतात. हे मी कधी विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती होती.

या उन्हाळ्यात तुम्हाला दम लागू लागला. तुमच्या लेकानं फोनवरून सांगितलं, मेहकरला दाखवून या. वांगी सरली होती, मिरची उपटून झाली होती, शेतात काही नव्हतं. सकाळी तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून गाडीजवळ येऊन उभे राहिलात. मी म्हटलं ऑटो सांगते.

"कायले? हे हाय ना."

"मधात काय ठेवू?"

"काय ठेवतं? माल तं सरला." आणि बसलात. माझ्या खांद्यावर हात ठेवलात. हात इतका हलका होता की मला एकदम कळलं, तुम्ही किती उतरला आहात ते. जाताना मी मागच्या गल्लीनं काढली, चौक टाळून.

डॉक्टरांनी तपासलं, अकोल्याला मोठ्या तपासण्या करा म्हणाले, तुम्ही पाहू म्हणालात. परत निघालो. नाल्याचा पूल आला तशी मी सवयीनं गाडी थांबवली, पाय टेकवले, तुम्ही उतरायची वाट बघू लागले. तुम्ही उतरेनात.

"थांबली काऊन?" तुम्ही विचारलंत.

"उतरता ना मामाजी?"

मग म्हणालात, "गावातून घे, बाई. चौकातून."

मी घेतली. पारावर नेहमीची माणसं होती. तुम्ही माझ्या खांद्यावरचा हात काढला नाहीत, दुसरा वर करून पहिल्यालाच मोठ्यानं राम राम घातलात. मग दुसऱ्याला. किराणा दुकानातला पाठमोरा होता, त्याला नाव घेऊन हाक मारलीत, तो वळेपर्यंत मला थांबायला लावलंत, मग राम राम. ज्याचं ज्याचं लक्ष नव्हतं त्याला त्याला तुम्ही बोलावून बोलावून दाखवलंत की मी सुनेच्या मागं बसलोय. कोणी हसलं नाही. मला समोरचं नीट दिसेना, मी गाडी अगदी हळू केली, पायी माणूस पुढं जाईल इतकी. तो चौक संपू नये असं मला वाटत होतं.

"इतली हळू काऊन चालवून राह्यली?" तुम्ही मागून विचारलंत.

"खड्डे हायेत ना मामाजी."

चौकातला तो रस्ता नवा होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. तो होत होता तेव्हा रोज पारावर बसून तुम्हीच त्या कामावरच्या माणसांना सूचना देत होतात.

"हाव," तुम्ही म्हणालात. "लय खड्डे हायेत."